आयरिश हद्दपार बंदी, ऑस्ट्रेलियातील

आयर्लंडमधील न्यायालयांनी हद्दपारीची शिक्षा दिल्यामुळे ऑस्ट्रेलियातील ब्रिटिश दंडवसाहतींत पाठविण्यात आलेले स्त्री-पुरुष. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटिश साम्राज्यातून सु. १,६२,००० बंदी ऑस्ट्रेलियात धाडण्यात आले. त्यांपैकी सु. ४०,००० बंदी १७९१ ते १८५३ या अवधीत आयरिश बंदरांतून थेट पाठविले गेले व त्यांत सु. ९,००० स्त्रिया होत्या. याखेरीज इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये पोटासाठी गेलेले आणि तेथील न्यायालयांनी शिक्षा दिलेले काही हजार आयरिश लोक ब्रिटिश जहाजांतून तेथे पोहोचले. हे बंदी बहुतांशी भूमिहीन शेतमजूर, छोटी कुळे, मोलकरणी आणि शहरांतील निर्धन लोक होते. स्वतःविषयी लेखी पुरावा मागे ठेवण्याची संधी त्यांना क्वचितच मिळाली. तथापि शिक्षा देणाऱ्या शासनाने त्यांच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या आणि आज एखाद्या सामान्य आयरिश बंदिवानाचा माग काढावयाचा, तर प्रामुख्याने याच नोंदींचा आधार घ्यावा लागतो. या साधनांचे सामर्थ्य व त्यांची मर्यादा ही दोन्ही त्यांच्या या उगमातच आहेत.

पार्श्वभूमी : गुन्हेगारांना समुद्रापार घालविण्याची प्रथा ब्रिटनमध्ये सतराव्या शतकापासून रूढ होती. अमेरिकेतील वसाहती ही त्यांची मुख्य जागा होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धामुळे (१७७५–८३) हा मार्ग बंद झाला आणि तुरुंगांत व बंदरांत नांगरून ठेवलेल्या जुन्या जहाजांत कैद्यांची दाटी झाली. म्हणून १७८६ मध्ये ब्रिटिश शासनाने ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉटनी बे ही जागा निवडली. अकरा जहाजांचा पहिला ताफा जानेवारी १७८८ मध्ये तेथे पोहोचला व प्रत्यक्ष वसाहत सिडनी येथे वसली. आयर्लंडहून थेट निघालेले पहिले जहाज ‘क्वीन’ हे होय. ते कॉर्क बंदरातून एप्रिल १७९१ मध्ये निघून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिडनीस पोहोचले. पुढे न्यू साउथ वेल्सकडे बंदी पाठविणे १८४० मध्ये थांबविण्यात आले, तर व्हॅन डीमेन्स लँड (१८५६ पासून टास्मानिया) येथील हद्दपारी १८५३ मध्ये संपुष्टात आली. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८५० ते १८६८ या काळात बंदी नेले गेले.

शिक्षेची मुदत सामान्यतः ७ वर्षे, १४ वर्षे किंवा आजन्म अशी असे. मुदत संपल्यावर परत येण्यास कायद्याने आडकाठी नव्हती. परंतु परतीचे भाडे शासन देत नसे. त्यामुळे सात वर्षांची शिक्षा बहुतेकांच्या बाबतीत जन्माची ठरली. मागे राहिलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तर हद्दपार झालेला मनुष्य व मृत मनुष्य यांत फारसा फरक उरत नसे.

बंदिवानांचे स्वरूप : आयरिश राष्ट्रीय स्मृतीत या बंदिवानांपैकी राजकीय कैद्यांना अग्रस्थान मिळाले. युनायटेड आयरिशमेन या संघटनेने १७९८ मध्ये केलेल्या उठावानंतर अनेक बंडखोर न्यू साउथ वेल्समध्ये आले. फिलिप कनिंगहॅम याच्या नेतृत्वाखाली ४ मार्च १८०४ रोजी सिडनीजवळील कॅसल हिल येथे त्यांनी उठाव केला. दुसऱ्या दिवशी झालेल्या चकमकीस १७९८ च्या लढाईची आठवण म्हणून ‘व्हिनेगर हिल’ हेच नाव मिळाले. उठाव मोडण्यात आला. कनिंगहॅमसह नऊ जणांना फाशी देण्यात आली. विक्लो परगण्यातील बंडखोर पुढारी मायकेल ड्वायर १८०६ मध्ये सिडनीस आला. त्याला जमीन मिळाली, पुन्हा संशयावरून नॉरफॉक बेटावर पाठविण्यात आले व अखेर तो लिव्हरपूल गावचा पोलीस अधिकारी झाला. तरुण आयर्लंड पक्षाच्या १८४८ च्या उठावानंतर विल्यम स्मिथ ओब्रायन, टॉमस फ्रान्सिस मेआर, जॉन मिचेल इ. सात पुढारी व्हॅन डीमेन्स लँडमध्ये पाठविण्यात आले. त्यांपैकी मेआर १८५२ मध्ये व मिचेल १८५३ मध्ये निसटून अमेरिकेस गेले. जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटल येथे आलेल्या ‘हूगोमाँट’ या अखेरच्या बंदिजहाजावर ६२ फीनियन क्रांतिकारक होते.

या पुढाऱ्यांची चरित्रे लिहिली गेली आणि स्मारकेही उभी राहिली. ड्वायरचे अवशेष १८९८ मध्ये, उठावाच्या शताब्दीनिमित्त, मिरवणुकीने नेऊन सिडनीच्या वेव्हर्ली दफनभूमीत पुरण्यात आले व तेथे भव्य स्मारक उभारण्यात आले. परंतु बहुसंख्य आयरिश बंदी या वर्गातील नव्हते. मेंढी, गाय, डुक्कर, कपडे, धान्य किंवा थोडे पैसे यांची चोरी हाच त्यांचा अपराध होता. चोरी आणि राजकीय बंड यांच्या मध्ये शेतकरी असंतोषातून घडलेल्या गुन्ह्यांचा एक वर्ग होता. खंडवाढ, कुळांना बेदखल करणे आणि प्रॉटेस्टंट चर्चसाठी घेतला जाणारा धान्यदशांश यांविरुद्ध गुप्त मंडळे बांधून धमकीची पत्रे लावणे, शपथा देणे, गंजी जाळणे अशा कृत्यांसाठी अनेकांना हद्दपार केले गेले. लॉइड रॉबसन या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंदिनोंदींतील दर वीस नावांमागे एक नाव निवडून सांख्यिकीय पाहणी केली. इंग्लिश बंदिवानांच्या तुलनेने आयरिश बंदी वयाने मोठे होते, अधिक प्रमाणात ग्रामीण भागातील होते आणि त्यांच्यावर पूर्वीचे गुन्हे कमी होते, असे तीत आढळून आले.

महादुष्काळाच्या काळात (१८४५–४९) अन्नाच्या चोऱ्या वाढल्या आणि हद्दपारीच्या शिक्षाही वाढल्या. या वर्षांत काही स्त्रियांनी हद्दपारी मिळावी या हेतूनेच आग लावण्याचे गुन्हे केले. अन्न व आसरा मिळावा किंवा आधी गेलेल्या आप्ताजवळ पोहोचता यावे, ही त्यामागील प्रेरणा होती.

बंदिनोंदींची परंपरा : आयरिश बंदिवानांच्या नोंदींचा आरंभ अव्यवस्थेने झाला. प्रत्येक जहाजाबरोबर बंदिवानांची नावे, खटल्याचे ठिकाण, दिनांक व शिक्षेची मुदत दाखविणारी सूची गव्हर्नरकडे जावयाची असे. बंदिवानाच्या श्रमावरील हक्क या सूचीनेच गव्हर्नरच्या हाती येत असल्याने तिला करारपत्राचे स्वरूप होते. आयर्लंडहून आलेल्या आरंभीच्या जहाजांबरोबर या सूच्या आल्याच नाहीत. त्यामुळे कोणाची मुदत केव्हा संपते हे वसाहतीत कोणालाच ठाऊक नव्हते. आपली सात वर्षे भरली असे सांगणाऱ्या मनुष्याजवळ पुरावा नसे आणि सूची येईपर्यंत त्याला बंदी म्हणून राबावे लागे. या काळात कागदाचा अभाव ही बंदिवानाच्या दृष्टीने केवळ कार्यालयीन गैरसोय नव्हती. त्याचे स्वातंत्र्यच त्यावर अवलंबून होते. या अनिश्चिततेची एक करुण साक्ष नोव्हेंबर १७९१ मध्ये मिळते. ‘क्वीन’ जहाजातून आलेले वीस पुरुष व एक गरोदर स्त्री, उत्तरेस थोड्या अंतरावर चीन देश आहे या समजुतीने वसाहतीतून चालत निघाले. काही दिवसांनी त्यांतील बहुतेक जण भुकेलेल्या व थकलेल्या अवस्थेत परत आणले गेले.

पुढे ही पद्धत सुधारत गेली. १८२६ नंतरच्या सूच्यांत बंदिवानाचे वय, जन्मस्थान, धर्म, लिहिता-वाचता येते की नाही, विवाहित असल्यास मुलांची संख्या, धंदा, गुन्हा, पूर्वीच्या शिक्षा, उंची, वर्ण, केस व डोळ्यांचा रंग, अंगावरील व्रण आणि गोंदण इतका तपशील आढळतो. पळून गेलेल्या माणसास ओळखता यावे हा या वर्णनाचा हेतू होता. तुटलेले बोट, देवीचे वण, दंडावर गोंदलेली पत्नीच्या नावाची आद्याक्षरे यांची नोंद लेखनिकाने पोलिसांसाठी केली. छायाचित्रणपूर्व काळातील आयरिश शेतमजुराचे एवढे जवळून केलेले वर्णन इतरत्र क्वचितच उपलब्ध आहे.

वसाहतीत उतरल्यावर नोंदींची साखळी चालू राही. बंदी खाजगी मालकाकडे कामास नेमला गेला, तर त्याची नोंद होई. त्याची वर्तणूक समाधानकारक असल्यास त्याला ठराविक जिल्ह्यात स्वतःच्या मजुरीवर राहण्याची मुभा देणारे ‘तिकीट’ मिळे. ही पद्धत गव्हर्नर किंग याने १८०१ मध्ये सुरू केली. मुदत पूर्ण झाल्यावर मुक्तिपत्र, आणि आजन्म शिक्षा असल्यास सशर्त किंवा पूर्ण माफी मिळू शके. विवाहासाठी परवानगी मागावी लागे व तिचीही वही होती. वेळोवेळी हजेरी-गणना होई. नोव्हेंबर १८२८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये झालेल्या जनगणनेत प्रत्येक व्यक्ती बंदी म्हणून आली की मुक्त म्हणून, कोणत्या जहाजाने व कोणत्या वर्षी आली, हे नमूद आहे. व्हॅन डीमेन्स लँडमधील वर्तणूक-नोंदवह्या यांहूनही तपशीलवार आहेत. त्यांत एका पानावर एका माणसाची सर्व कैद मावलेली असते : उद्धट बोलणे, दारू पिणे, कामावर गैरहजर राहणे आणि प्रत्येकापुढे त्याबद्दल दिलेली शिक्षा. १८३२ मध्ये सिडनीस आलेला आयरिश बंदी व लोककवी फ्रान्सिस मॅकनमारा याला काही वर्षांत चौदा वेळा मिळून ६५० फटके मारले गेले, हे अशा शिक्षानोंदींवरूनच कळते.

मराठी वाचकांस परिचित असलेल्या अंदमानातील काळ्या पाण्याची व्यवस्था १८५८ मध्ये, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियातील हद्दपारी अद्याप चालू असताना, सुरू झाली. तत्पूर्वी मुंबई इलाख्यातील बंदी सिंगापूर, पिनँग इ. ठिकाणी पाठविले जात. चांगल्या वर्तणुकीबद्दल बंदिवानास ‘तिकीट’ देऊन वसाहतीत स्वतंत्रपणे राहू देण्याची पद्धत अंदमानातही होती. साम्राज्यातील दंडवसाहतींची ही एकच कार्यपद्धती होती.

जहाज : शोधाच्या दृष्टीने या सर्व नोंदींना बांधणारा धागा म्हणजे जहाजाचे नाव. मर्फी व केली ही आयर्लंडमधील सर्वांत अधिक आढळणारी आडनावे असून मेरी, जॉन, पॅट्रिक अशी मोजकीच व्यक्तिनावे प्रचलित होती. एकाच वेळी वसाहतीत एकाच नावाचे अनेक बंदी असत. म्हणून शासन ‘अमुक जहाजाने आलेला जॉन केली’ असेच लिही. मुक्त झाल्यावर, विवाहाच्या वेळी किंवा नव्या गुन्ह्याच्या चौकशीतही जहाजाचे नाव त्याच्या नावाला चिकटून राही. नाव बदलता येई, वयात फरक पडे. जहाज मात्र सहसा बदलत नसे.

आयरिश बंदिवानांची जहाजे मुख्यतः कॉर्क व डब्लिन येथून निघत. पुरुषांना जहाजे मिळेपर्यंत कॉर्क व डब्लिनजवळील किंग्जटाउन येथे नांगरलेल्या जुन्या जहाजांत, १८४७ पासून स्पाइक बेटावरील तुरुंगात, तर स्त्रियांना १८३६ पासून डब्लिनच्या ग्रेंजगॉर्मन तुरुंगात ठेवले जाई. आरंभीच्या काळात या प्रवासात मोठी जीवितहानी झाली. १८०२ मध्ये आलेली ‘हर्क्यूलिस’ व ‘ॲटलास’ ही कॉर्कची जहाजे त्याबद्दल कुप्रसिद्ध आहेत. १८१५ नंतर प्रत्येक जहाजावर वैद्य-अधीक्षक नेमण्यात येऊ लागला व मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. या वैद्यांच्या रोजनिशा हे बंदिवानांच्या प्रवासाचे महत्त्वाचे साधन आहे. मात्र समुद्राचा धोका टळला नाही. कॉर्कहून स्त्री-बंदिवान व त्यांची मुले घेऊन निघालेले ‘नेव्हा’ हे जहाज मे १८३५ मध्ये किंग बेटाजवळ फुटले आणि जहाजावरील सु. २४० जणांपैकी केवळ १५ वाचले.

एक उदाहरण : जॉन केली : या नोंदींतून काय कळते व काय कळत नाही, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील प्रख्यात बंडखोर लुटारू नेड केली याचे वडील जॉन ऊर्फ ‘रेड’ केली (१८२०–६६). त्यांचा जन्म टिपरेरी परगण्यात झाला. दोन डुकरे चोरल्याबद्दल १८४१ मध्ये त्यांना सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. ‘प्रिन्स रीजंट’ या जहाजाने ते जानेवारी १८४२ मध्ये होबार्ट येथे उतरले. व्हॅन डीमेन्स लँडमध्ये तेव्हा नुकतीच नवी पद्धत सुरू झाली होती. तीनुसार बंदी प्रथम शासकीय टोळीत काम करी व नंतर टप्प्याटप्प्याने वेतनावर काम करण्यास पात्र होई. १८४८ मध्ये मुदत संपल्यावर केली समुद्र ओलांडून पोर्ट फिलिप जिल्ह्यात (नंतरचे व्हिक्टोरिया) गेले. तेथे १८ नोव्हेंबर १८५० रोजी त्यांनी एलेन क्विन हिच्याशी विवाह केला. तिचे कुटुंब अँट्रिम परगण्यातून मुक्त स्थलांतरित म्हणून आले होते. केली दांपत्याने शेती व गुरेपालन केले, पण त्यात यश आले नाही. १८६५ मध्ये एका जनावराचे कातडे बेकायदा बाळगल्याबद्दल केली यांना पुन्हा शिक्षा झाली. २७ डिसेंबर १८६६ रोजी ॲव्हनेल येथे त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा नेड बारा वर्षांच्या आसपास होता. १८८० मध्ये ११ नोव्हेंबर रोजी नेडला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

नेडच्या मृत्यूनंतर त्याच्याभोवती गौरवगाथा रचली गेली. तीत वडिलांचा गुन्हा हा जमीनदाराविरुद्धच्या झगड्यातून घडला, असे सांगितले जाई. जुलमी सत्तेशी पित्याने आयर्लंडमध्ये सुरू केलेला लढा पुत्राने ऑस्ट्रेलियात पुढे चालविला, असा त्या कथेचा अर्थ होता. नोंदींत जमीनदार नाही. दोन डुकरे आहेत. आयरिश पोलिसांच्या कागदपत्रांच्या आधारे पुढे झालेल्या संशोधनात केली यांनी एका साथीदाराविषयी पोलिसांना माहिती पुरविल्याचेही पुढे आले. आयरिश ग्रामीण समाजात चोरीपेक्षा खबऱ्याचे काम अधिक निंद्य मानले जाई. त्यामुळे हा शोध केली यांच्या गौरवगाथेस मोठा धक्का देणारा होता.

असे असले तरी कागदपत्रांनी सत्य सांगितले व लोकस्मृतीने असत्य, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. गुन्ह्याच्या रकान्यात दोन शब्द आहेत. त्यामागील परिस्थिती त्यात नाही. त्या काळातील आयरिश कुळ बटाट्यावर जगत असे आणि घरचे डुक्कर पोसून ते विकून जमिनीचा खंड भरीत असे. दोन डुकरांची किंमत म्हणजे पुढील वर्षी घरात राहता येईल की नाही याचे उत्तर होते. ते चोरणाऱ्याच्या बाबतीत जेवढे हे खरे होते, तेवढेच ज्याची डुकरे गेली त्याच्या बाबतीतही. कारण बळी पडणारा बहुधा त्याच्यासारखाच लहान कास्तकार असे. पोलिसांना माहिती देणारा तरुण कोणत्या दडपणाखाली बोलला, हेही पोलिसांच्या कागदांवरून ठरत नाही. लोककथेने जमीनदार कल्पिला, पण जमिनीच्या प्रश्नाशी असलेला या गुन्ह्याचा संबंध तिने अजिबात चुकीचा ओळखला, असे म्हणता येत नाही.

या उदाहरणातील आणखी एक विसंगती लक्षणीय आहे. हद्दपार झालेल्या पित्याच्या आगमनाचे जहाज, शिक्षेची मुदत व अपराध हे निश्चित माहीत आहेत. त्याच्या मुक्त व जगप्रसिद्ध पुत्राचा जन्मदिनांक मात्र निश्चित नाही. डिसेंबर १८५४ हा काळ अनुमानाने स्वीकारला जातो. कैदेत असलेल्या माणसाची शासनाने जेवढी दखल घेतली, तेवढी मुक्त माणसाची घेतली नाही.

आयर्लंडमधील साधने : बंदिवानाच्या हद्दपारीपूर्व जीवनाचा शोध अधिक कठीण आहे. आयरिश यादवी युद्धाच्या आरंभी, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार स्फोट व आगीत नष्ट झाले. १८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचा फार मोठा भाग त्यात जळाला. आयर्लंडमध्ये सर्व जन्म-मृत्यूंची शासकीय नोंद १८६४ पासून सुरू झाली आणि ग्रामीण भागातील अनेक कॅथलिक धर्मग्रामांच्या वह्या १८२० नंतरच्याच आहेत. त्यामुळे धान्यदशांशाच्या आकारणीच्या वह्या (१८२३–३७) व रिचर्ड ग्रिफिथ याच्या देखरेखीखाली झालेली स्थावर मालमत्तेची मूल्यांकन-पाहणी (१८४७–६४) या कर-कागदांवरून कुटुंबाचे गाव शोधावे लागते. खटला ज्या परगण्यात चालला तोच जन्माचा परगणा, असे गृहीत धरल्याने पुष्कळ चुका झाल्या आहेत. कारण हंगामी मजूर कामासाठी दूरवर भटकत. नावांतील ‘ओ’ व ‘मॅक’ ही उपपदे गळणे, आयरिश भाषेतील नावे इंग्रज लेखनिकांनी ऐकतील तशी लिहिणे आणि बंदिवानांनी टोपणनावे घेणे यांमुळे अडचणीत भर पडते. ऑस्ट्रेलियातही १८०४ च्या उठावानंतर कॅथलिक उपासनेची परवानगी काढून घेतली गेली होती. १८२० मध्ये जॉन जोसेफ थेरी व फिलिप कॉनोली हे अधिकृत धर्मगुरू येईपर्यंत अनेक आयरिश कॅथलिकांचे विवाह अँग्लिकन चर्चमध्ये नोंदले गेले. म्हणून धर्मावरून वही निवडणाऱ्या संशोधकास ते सापडत नाहीत.

डब्लिन कॅसलमध्ये ठेवलेली दयेच्या अर्जांची दप्तरे १९२२ च्या आगीतून वाचली. आयर्लंडचा सर्वोच्च राजप्रतिनिधी जो लॉर्ड लेफ्टनंट, त्याच्याकडे बंदी किंवा त्याचे आप्त शिक्षा कमी करण्यासाठी अर्ज करीत. १७८८ ते १८३६ या काळातील अर्ज व त्यानंतरच्या बंदिवानांच्या संचिका आजही उपलब्ध आहेत. हद्दपार पतीमागे आपणांस व मुलांस विनामूल्य पाठवावे, अशी मागणी करणारे पत्नींचे अर्जही त्यांत आढळतात. बहुतेक अर्जदार निरक्षर असल्याने अर्ज धर्मगुरू, शिक्षक किंवा भाडोत्री लेखनिक लिहीत आणि त्यांची भाषा ठराविक नम्रतेची असे. तरीही घरातील माणसे, थकलेला खंड, आजारी आई, पोरकी होणारी मुले यांची माहिती याच कागदांत मिळते. बंदिवानाच्या बाजूने काही सांगणारी शासनदप्तरातील ही जवळजवळ एकमेव जागा होय.

नोंदींबाहेरचे : बंदिनोंदी वाचताना त्या कोणी व कशासाठी लिहिल्या हे लक्षात घेणे आवश्यक ठरते. ‘आळशी’, ‘उद्धट’ किंवा स्त्रियांच्या बाबतीत ‘दुर्वर्तनी’ हे शब्द मालकाच्या वा दंडाधिकाऱ्याच्या मताचे निदर्शक आहेत. स्त्री-बंदिवानांना पॅरामाटा किंवा होबार्टजवळील कॅस्केड्‌स येथील स्त्री-कारखान्यात पुन्हा पुन्हा पाठविले जाई. या कारखान्यांचे स्वरूप तुरुंग, प्रसूतिगृह व कामशाळा असे संमिश्र होते. मालकाच्या घरी तिच्यावर काय प्रसंग आला हे शिक्षेच्या नोंदीत येत नाही. गरोदर राहिल्याबद्दल ती परत आली एवढेच येते. दुसरी उणीव याहून मोठी आहे. बंदिवानांच्या श्रमाने उभ्या राहिलेल्या व मुक्त झाल्यावर त्यांतील काहींना मिळालेल्या जमिनी मूळच्या आदिवासी जमातींच्या होत्या. स्वदेशात जमिनीवरून हुसकलेली आयरिश कुळे येथे दुसऱ्यांना हुसकण्याच्या प्रक्रियेचा भाग बनली. बंदिवानाच्या दंडावरील गोंदण लिहून ठेवणाऱ्या शासनाने त्याच काळात मारल्या गेलेल्या किंवा रोगराईने नाहीशा झालेल्या आदिवासींची गणती ठेवली नाही.

स्मृती व संशोधन : हद्दपारी संपल्यानंतर बंदी पूर्वज असणे हा ऑस्ट्रेलियात दीर्घ काळ कलंक मानला गेला. व्हॅन डीमेन्स लँडचे टास्मानिया असे नामांतर करण्यामागेही हा कलंक पुसण्याची इच्छा होती. अनेक कुटुंबांत पूर्वज ‘मुक्त म्हणून आला’ असे मुलांना सांगितले गेले. १९६० नंतर सामाजिक इतिहासाच्या अभ्यासामुळे व कुटुंबेतिहासाच्या आवडीमुळे ही वृत्ती पालटली. ब्रिटिश वसाहतीच्या द्विशताब्दीनिमित्त १९८८ मध्ये आयर्लंडच्या शासनाने आपल्या अभिलेखागारातील हद्दपारीविषयक कागदपत्रांच्या सूक्ष्मपटांचा व संगणकीय सूचीचा संच ऑस्ट्रेलियास भेट दिला. त्यामुळे दोन खंडांत विभागलेले एकाच माणसाचे कागद प्रथमच एकत्र पाहता येऊ लागले. ऑस्ट्रेलियातील बंदिनोंदींचा २००७ मध्ये युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदपटात आणि अकरा बंदिस्थळांचा २०१० मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला.

आयर्लंडमधील अभिलेखांच्या नाशामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आयरिश दरिद्री वर्गाविषयीची जी वैयक्तिक माहिती मायदेशात उरली नाही, तिचा काही भाग सिडनी व होबार्ट येथील दप्तरांत शिल्लक राहिला आहे. ज्यांना शिक्षा झाली नाही, त्यांच्या शेजाऱ्यांची व भावंडांची उंची, डोळ्यांचा रंग किंवा धंदा आज कोणास सांगता येत नाही. ज्यांना झाली, त्यांचा सांगता येतो. मात्र जे आढळते ते शासनाच्या प्रश्नांचे उत्तर असते. त्यापलीकडील जीवनासाठी दयेचे अर्ज, धर्मग्रामांच्या वह्या, कर-आकारणीचे कागद आणि कुटुंबांतील आठवणी या सर्वांचा परस्परांशी ताळा घालूनच बंदिवानाचे चरित्र उभे करावे लागते.